दोन मिनिटांचा नियम

“दोन मिन्टात पाण्याचं कसं सांगायचं, सर?”

गेनभाऊ शेलार आमच्या व्हरांड्यातल्या खुर्चीच्या अगदी कडेवर बसले होते. हातात मी छापून घेतलेलं नियमांचं पत्रक होतं आणि ‘प्रत्येक उत्तरासाठी दोन मिनिटे’ या ओळीवर त्यांचा अंगठा होता.

“सगळ्यांना दोनच आहेत, गेनभाऊ. शिरीषलाही दोनच.”

“वकीलसायबांचं येगळं हो. त्यांचा तो धंदाच हाय. मला बोलायचं म्हंजी मुळापासनं यावं लागतं. आता हेच बघा, बहात्तर साली दुष्काळ पडला, तवा वेशीपासली लाइन—”

मी हात वर केला. “मला काही सांगू नका. सभा मी चालवणार आहे. एकाचं आधी ऐकलं तर दुसऱ्यावर अन्याय होईल.”

त्यांनी पत्रकाकडे पुन्हा पाहिलं. म्हणाले, “मग असं करा. पाण्याच्या प्रश्नाला मला पाच मिन्टं द्या. बाकीच्या चार प्रश्नांना येकेकच द्या. तेवढ्यात भागवतो. वकीलसायबांनाबी तसंच द्या, हवं तर.”

“छापून झालंय आता. नियम म्हणजे नियम.”

त्यांनी पत्रकाची चौपदरी घडी केली, खिशात घातली आणि नमस्कार करून गेले. कुमुद, माझी बायको, दारात उभी होती. म्हणाली, “ऐकून घ्यायचं होतं. काहीतरी सांगायला आले होते बिचारे.”

“म्हणूनच नाही ऐकलं,” मी म्हणालो. त्या वाक्याचा मला तेव्हा अभिमान वाटला होता.

गोष्ट वीस वर्षांपूर्वीची. आमच्या निंबळगावात त्या वर्षी पहिल्यांदाच नगराध्यक्ष थेट लोकांनी निवडायचा होता. तिसऱ्यानं माघार घेतल्यावर दोनच उमेदवार उरले. एक अॅडव्होकेट शिरीष बोरावके. वय अडतीस, गोरापान, बोलायला उभा राहिला की रस्त्यावरचा माणूस थांबावा असा आवाज. दुसरे गेनभाऊ. तेहतीस वर्षं ते नगरपालिकेत पाणी सोडायच्या कामावर होते. खांद्यावर हातभर लांब लोखंडी चावी टाकून गल्लोगल्ली फिरायचे, रस्त्यातलं झाकण उचलून वाकायचे आणि त्या आळीला पाणी यायचं. निवृत्त झाल्यावर त्यांनी उमेदवारी अर्ज भरला तेव्हा अर्धं गाव हसलं. हसणाऱ्यांतले बरेचजण नंतर म्हणाले, मत मात्र त्यालाच देऊ, आपल्या दारात रोज आलेला माणूस आहे. लढत अटीतटीची होती, हे सांगायला हवं.

मी हायस्कूलमध्ये मराठी शिकवायचो, पण गावात माझी ओळख वक्तृत्वाचा मास्तर म्हणून. सव्वीस वर्षं मी मुलांना स्पर्धेसाठी तयार केलं. आवाज कुठं चढवायचा, कुठं थांबायचं, शेवटचं वाक्य कसं सोडायचं. आधीच्या निवडणुकीत उमेदवारांची समोरासमोर सभा ठेवली होती, तिचं काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं होतं. दोघं एकाच वेळी ओरडत होते, कार्यकर्ते शिट्ट्या मारत होते, शेवटी खुर्च्या फेकल्या गेल्या. त्यामुळे या वेळी नागरिक मंचाची माणसं माझ्याकडे आली. “सर, तुमच्या स्पर्धेसारखी शिस्त लावा.”

मी लावली. प्रश्न लोकांनी पेटीत टाकायचे, त्यातले पाच मी निवडायचे आणि सभेपर्यंत कुणाला सांगायचे नाहीत. दीड मिनिटाला एक घंटा, दोन मिनिटांना दोन घंटा. आणि दुसऱ्या घंटेबरोबर माइक बंद. त्याचा खटका मी माझ्या टेबलावर बसवून घेतला होता. मध्ये बोलायचं नाही, घोषणा नाहीत, टाळ्या उत्तर संपल्यावर.

रविवारी संध्याकाळी पाच वाजता हायस्कूलचं सभागृह भरलं. खिडक्यांच्या गजांना धरून माणसं बाहेर उभी होती. बायका इतक्या आल्या की पुढच्या सतरंज्या त्यांना द्याव्या लागल्या. पहिले तीन प्रश्न शांतपणे पार पडले. असं निंबळगावात कधी झालं नव्हतं. शिरीष प्रत्येक वेळी घंटेच्या चार-पाच सेकंद आधी थांबत होता. गेनभाऊ कधी अर्ध्या मिनिटातच संपवत, “एवढंच म्हणायचं हाय,” म्हणून खाली बसत. मला वाटलं, वाचवलेला वेळ ते पुढच्या प्रश्नाला मागतील. त्यांनी मागितला नाही. बहुधा मागता येतो हेच त्यांना वाटलं नसेल.

चौथी चिठ्ठी मी उघडली. “गावाच्या पाण्याचा प्रश्न तुम्ही कसा सोडवणार? आधी श्री. शेलार.”

गेनभाऊ उठले. माइकच्या फार जवळ गेले, मग मागे सरकले.

“मंडळी, बहात्तर साली दुष्काळ पडला. तवा मी नवा व्हतो, पंचवीस वर्षांचा. टँकर यायचे. मग साहेब आले, म्हणाले, आठ दिसांत खालच्या गावाला लाइन पायजे. आता आठ दिसांत कशी व्हणार? तर तवा आमचे मुकादम व्हते विठोबा पाटोळे—”

मागून कुणीतरी म्हणालं, “विठोबाचं सांगा, गेनभाऊ!” लोक हसले. गेनभाऊही थोडं हसले. दीड मिनिटाची घंटा मी मारली. ते दचकले.

“व्हय, व्हय. तर सांगायचं असं की, नकाशात ती लाइन पुलावरनं दाखवलीय. आजबी तशीच दाखवतात. पण पुलावरनं न्यायला येळ नव्हता. म्हणून ती खरी गेली—”

दोन घंटा. मी खटका खाली केला.

त्यांचे ओठ हलत राहिले. पहिल्या दोन रांगांना काही ऐकू गेलं असेल-नसेल. मग आपला आवाज जात नाही हे त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी माइककडे पाहिलं, त्यात फुंकर मारली, बोटानं टकटक केलं. सभागृह हसायला लागलं. सतरंजीवरून एक म्हातारी ओरडली, “अरे, बोलू द्या की त्याला! कुठून गेली म्हणतो लाइन?”

मी उभा राहिलो. मला घंटेच्या वर आवाज चढवायची सवय होती. “नियम दोघांनाही सारखा आहे. गेनभाऊ, वेळ संपला. कृपया बसा.”

त्यावर टाळ्या पडल्या. माझ्यासाठी. गेनभाऊ बसले. खिशातून ती चौपदरी घडी काढून त्यांनी नुसतीच हातात धरली.

शिरीष उठला. एक क्षण थांबला. “पाणी मागायला आलेल्याला इतिहास सांगायचा नसतो,” तो म्हणाला. “त्याची घागर भरायची असते.”

सभागृह दणाणलंच. उत्तर संपल्यावर टाळ्या हा नियम कुणाला आठवला नाही, मलाही नाही. मग त्यानं सांगितलं : एक वेळ येणारं पाणी दोन वेळा, सकाळी आणि संध्याकाळी, उन्हाळ्याच्या आत. एक मिनिट पंचावन्न सेकंद. गावात पुढे महिनाभर ते घागरीचं वाक्य चालू होतं. किती हजरजबाबी माणूस, म्हणे, समोरच्याचं बोलणं संपायच्या आत उत्तर तयार.

सभा संपल्यावर पायऱ्यांवर गेनभाऊ थांबले होते. मला वाटलं, भांडतील. ते म्हणाले, “माझंच चुकलं, सर. तुम्ही आधीच सांगितलं व्हतं. मला आवरता आलं नाय.”

“सराव कमी पडला,” मी म्हणालो.

हे मी खरोखर म्हणालो.

शिरीष सातशे मतांनी निवडून आला. सभेवर वर्तमानपत्रात लेख आला, माझा फोटो छापला. शेजारच्या दोन तालुक्यांतून बोलावणी आली, तुमची पद्धत आमच्याकडे समजावून सांगा म्हणून. मी गेलो. वीस पानांची पुस्तिकाही लिहिली. शिरीषनं शब्द पाळला. एप्रिलपासून गावाला दोन वेळा पाणी यायला लागलं.

श्रावणात खालच्या गावात, तांबट आळीत, कावीळ सुरू झाली. आधी चार घरं, मग चाळीस. ग्रामीण रुग्णालयात व्हरांड्यात गाद्या टाकल्या. तीन आठवड्यांत सहा माणसं गेली. त्यांत फरजाना तांबोळी होती. काही वर्षांपूर्वी दहावीत माझ्या वर्गात पहिल्या बाकावर बसायची. सात महिन्यांची गरोदर होती. डॉक्टर म्हणाले, या काविळीत गरोदर बाईला वाचवणं फार अवघड.

पाण्याचे नमुने टाकीवर चांगले येत होते, आळीत खराब. कुठं बिघडतंय ते नकाशावरून कुणाला सापडेना. तेव्हा गेनभाऊ कुदळ घेऊन वेशीजवळच्या ओढ्यात उतरले. एकटेच. दोन तास खणल्यावर गुडघाभर काळ्या पाण्याखाली पाइप लागला. बहात्तर साली घाईत ओढ्याच्या तळातूनच टाकलेला. त्यावर शिशाचा एक जोड होता आणि तो सुटला होता. पाणी चालू असेपर्यंत काही होत नसे. बंद केलं की पाइप रिकामा होताना बाहेरचं घाण पाणी आत ओढून घ्यायचा. नोकरीत असताना गेनभाऊ दर पावसाळ्याआधी तो जोड ठोकून घट्ट करायचे. नंतर कुणाला माहीतच नव्हतं. लाइन हलवा म्हणून तीन अर्ज दिले होते त्यांनी, तेवढ्यात दोन मुख्याधिकारी बदलून गेले. आणि आता पाणी दिवसातून दोनदा सोडायचं, म्हणजे दोनदा बंद करायचं.

शिरीष स्वतः ओढ्यात उतरला, हे त्याच्या बाजूनं सांगायला हवं. वीस दिवसांत लाइन पुलावरून घेतली. काम संपलं त्या संध्याकाळी तो माझ्या घरी आला. बसला नाही. “सर, त्या दिवशी ते हेच सांगत होते का हो?”

“असेल,” मी म्हणालो.

“आणि मी...” तो दाराकडे वळला. कुमुदनं चहा विचारला, तोही घेतला नाही.

तो गेल्यावर कुमुद माझ्याकडे पाहून म्हणाली, “गेनभाऊंकडे जाऊन या.”

मी गेलो. गेनभाऊ दारासमोर पाय धूत होते. ओढ्यातल्या चिखलानं बोटांच्या बेचक्यांत झालेल्या जखमा अजून भरल्या नव्हत्या. त्यांनी मला खाटेवर बसवलं, स्वतः पायरीवर बसले.

“गेनभाऊ, सभेच्या दिवसाचं बोलायचंय.”

“जाऊ द्या सर. नियमच व्हता तो.”

“नियमाचं नाही.” मग थांबलो तर परत जमणार नाही म्हणून सलग बोललो. “तुम्ही माझ्याकडून गेलात त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी शिरीष आला होता. पाया पडायला. माझा विद्यार्थी तो. शाळेला सलग तीन वर्षं वक्तृत्वाची ढाल त्यानं आणून दिली. त्यानं काही विचारलं नव्हतं. मीच म्हणालो, पाण्यावर येईल, तयारी कर. त्यानं तिथंच मुद्दे म्हणून दाखवले. लांबट होते. मला राहवलं नाही. मी लाल पेन घेऊन बसलो. हातात घड्याळ धरून त्याच्याकडून चार वेळा म्हणून घेतलं.”

गेनभाऊ पाय पुसायचे थांबले होते.

“सुरुवातीला जोर नव्हता. मी म्हटलं, शेलार बहात्तर सालापासून सुरू करतील, त्यावर वाक्य हवं. आणि ते घागरीचं वाक्य मी लिहून दिलं. तुम्ही माझ्या व्हरांड्यात बसून जे बोललात, त्यावरून.”

ते माझ्याकडे पाहत राहिले. कुमुदही त्या सकाळी असंच पाहत राहिली होती. चहाचा ट्रे हातात धरून. शिरीष गेल्यावर एवढंच म्हणाली होती, “काल त्यांचं ऐकायचं नव्हतं ना तुम्हाला?” चूक कळली नव्हती असं नाही. एक चांगलं वाक्य सुचल्याच्या आनंदात होतो.

“वाक्य झ्याक व्हतं,” गेनभाऊ शेवटी म्हणाले. “मीबी टाळी वाजवली व्हती, सर. मला वाटलं, बघा, याला म्हणतात डोकं.”

मी मान खाली घातली.

“म्हंजी तुम्ही माझं ऐकलं व्हतं,” ते म्हणाले. “सुरुवातीचं तेवढं ऐकलं.”

“हो.”

“पुढचं ऐकायला पायजे व्हतं.”

आवाजात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं.

“येक करा, सर,” ते म्हणाले. “हे लोकांना सांगा. वकीलसायबांना खाली पाडायला नाय. त्या पोरानं काम केलं. पण तांबट आळीत म्हणतात, गेनूला ठाऊक व्हतं, मग बोलला का नाय? बायका दार लावून घेतात मला बघून. मी बोलत व्हतो, मला बोलू दिलं नाय, येवढं तुम्ही सांगा. तुमचं ऐकतील.”

“सांगतो,” मी म्हणालो.

त्यानंतर पंधरा दिवसांनी मी स्टँडसमोरच्या हॉटेलात चहा पीत होतो. पलीकडच्या टेबलावर गेनभाऊ होते. फरजानाचे सासरे युनूसभाई आत आले. गेनभाऊंना पाहून थांबले.

“गेनू, तुला माहिती होतं,” ते म्हणाले. आवाज मोठा नव्हता, पण हॉटेल गप्प झालं. “तेहतीस वर्षं माहिती होतं. तोंडात काय धरून बसला होतास?”

गेनभाऊ त्यांच्याकडे पाहत नव्हते. माझ्याकडे पाहत होते. मी कपात चमचा फिरवत राहिलो. साखर कधीच विरघळली होती. अर्धं मिनिट गेलं असेल, कदाचित त्याहून कमी. गेनभाऊ उठले, “चुकलं, भाऊ,” म्हणाले आणि बाहेर गेले.

दिवाळीनंतर सांगू, असं मी ठरवलं. मग एका मोठ्या गावाहून पत्र आलं, त्यांच्याकडच्या निवडणुकीची सभा माझ्या पद्धतीनं घ्यायची होती. ती होऊ दे, मग सांगू. त्या सभेत मी दोन मिनिटांची तीन केली आणि उमेदवाराला वाचवलेला वेळ पुढच्या उत्तराला वापरायची मुभा दिली. लोकांनी सुधारणेचं कौतुक केलं. ही कल्पना कशी सुचली, असं एका पत्रकारानं विचारलं. अनुभवातून, असं मी सांगितलं. गेनभाऊंचं नाव घेतलं नाही.

त्यांनी मला पुन्हा कधी आठवण केली नाही. रस्त्यात भेटले की “नमस्कार, सर” म्हणायचे आणि पुढे जायचे. तांबट आळीतून जायचं त्यांनी सोडलं होतं. बाजाराला जाताना लांबचा वळसा घ्यायचे.

तेरा वर्षांनी ते गेले. नगरपालिकेनं त्याच सभागृहात शोकसभा ठेवली. शिरीष तेव्हा राजकारणात नव्हता, तोही आला होता. मागच्या रांगेत युनूसभाई होते, खूप थकलेले, काठी घेऊन. मुख्य भाषण माझं. मी घरून निघतानाच ठरवलं होतं की आज सगळं सांगायचं. कुमुदलाही तसं सांगितलं. तिनं कपाटातून माझा चांगला सदरा काढून दिला.

मी उभा राहिलो. माइकला वेळेची मर्यादा नव्हती, कितीही बोलता आलं असतं. पहाटेच्या अंधारात गल्लीतून जाणारा माणूस मी उभा केला. झाकण उचलतानाचा आवाज, पहिलं पाणी येतानाची नळातली हवा, ओढ्यातल्या चिखलात एकट्यानं केलेलं ते काम. बायका डोळे पुसायला लागल्या. मग मी म्हणालो, “त्या सभेत गेनभाऊ काहीतरी सांगू पाहत होते—” आणि थांबलो. सगळं सभागृह माझ्याकडे पाहत होतं. पुढचं वाक्य मला ठाऊक होतं. त्याऐवजी दुसरंच बाहेर पडलं : “पण अशी माणसं शब्दांत मावत नाहीत.”

टाळ्या शोकसभेत वाजवत नाहीत, पण एकदोघांनी वाजवल्याच. खाली उतरल्यावर शिरीष जवळ आला, त्याचे डोळे लाल होते. नगराध्यक्षांनी माझा हात हातात घेतला. “सर, असं भाषण कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं.” युनूसभाई काठी टेकत दारापर्यंत गेले, वळून गेनभाऊंच्या फोटोकडे एकदा पाहिलं आणि हार न घालता निघून गेले.

बाहेर नगरपालिकेनं आमच्यासाठी रिक्षा थांबवली होती. मी आत बसलो, कुमुदसाठी सरकून जागा केली. तिनं माझ्याकडे पाहिलं, पदर खांद्यावर घेतला आणि तांबट आळीच्या रस्त्यानं पायी चालायला लागली.